चौदा नंबर: बाळंतविडा

रंजना,

स्वेटरचा तुझ्या हातचा डावा भाग माझ्यासमोर टेबलावर आहे. फिकट पिवळी लोकर, छत्तीस टाके, साठ ओळी. शेजारी माझा पहिला उजवा भाग होता, तो आता नाही. तो कुठे गेला ते सांगायलाच बसले आहे, पण मधून मधून इकडेतिकडे जाईन. तू म्हणायचीस ना, जरा वाट सोडून बोल, ऑफिसचं पत्र वाचल्यासारखं काय बोलतेस. आज प्रयत्न करते.

तू गेलीस त्याला एकेचाळीस दिवस झाले. मी मोजते, तुला माहीत आहे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खुर्च्या किती, चहा किती, तुमच्या सातारच्या नातेवाइकांपैकी कोणाला कळवायचं राहिलंय, सगळं कागदावर होतं. एकही गोष्ट राहिली नाही. लोक म्हणाले, सुहासताईंनी किती व्यवस्थित केलं. व्यवस्थित केलं हे खरं. रडले नाही हेही खरं. यादीत त्याला जागाच ठेवली नव्हती.

यादीवरूनच सुरुवात करते. आपल्या दोघींना पन्नासावं एकाच वर्षी लागलं. संध्याकाळी तू कामावरून आलीस, कुलूप उघडता उघडता मागे वळून माझ्या दाराकडे बघत म्हणालीस, "सुहास, मला एकदा घरी पाव करायचाय."

"मग कर ना."

"तू लिही कुठेतरी. तुझ्या यादीत गेलं की होतं. माझ्या मनात राहिलं की मनातच शिजतं."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. मी त्याच दिवशी आमच्या नितीनच्या शाळेच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर रेघा मारल्या. चोवीस गोष्टी. बारा भाजायच्या, बारा हाताने करायच्या. एक नंबर केक, दोन नंबर नानकटाई, चार नंबर पाव, नऊ नंबर क्रोशाचं तोरण. चौदा नंबर तू घातलास, बाळंतविडा. तेव्हा तुझ्या प्रज्ञाचं लग्नही ठरलं नव्हतं. मी विचारलं, कोणासाठी? तू म्हणालीस, "चारकोपमध्ये बाळं कमी आहेत का? होईल कोणाला तरी."

एक नंबरची गोष्ट मी बाहेर कोणाला कधी सांगू दिली नाही. आता सांगते. ओव्हन घेऊन तो पडून राहिला तर, म्हणून पहिला केक कुकरमध्ये करायचं मी ठरवलं. तळाला मीठ, त्यावर जाळी, त्यावर डबा. कृती मी तुला पायरी पायरीने लिहून दिली, कारण त्या दिवशी मला शाळेत ऑडिट होतं आणि पहिली पाळी तुझी होती. मी घरी आले तर जिन्यापासून वास. वरच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या, विचारतात, खाली टायर जळतोय का? तू शांतपणे स्टुलावर बसलेली.

"कुकरचं रबर काढलं नाहीस?"

"कागदावर नव्हतं."

"अगं, शिट्टी काढायची लिहिलंय, मग रबर..."

"शिट्टी लिहिलंय. काढली. रबर लिहिलेलं नाही. मी म्हटलं, हेडक्लार्कने नाही लिहिलं म्हणजे विचार करूनच नसेल लिहिलं."

मी तो कागद तीनदा वाचला. खरंच नव्हतं. बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात मी दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढते आहे. त्या दिवशी तू हसली नाहीस, एवढे उपकार केलेस. हसलीस दुसऱ्या दिवशी, जिन्यात, आजींच्या देखत. केक आतून मात्र चांगला झाला होता. कडा कापून आपण तो खाल्ला आणि तू वहीत टिक केलीस. मी ती खोडून "पुन्हा" लिहिलं. तू म्हणालीस, "केक झाला ना? मग टिक. रबराचं काय ते वेगळं लिही."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझं म्हणणं, केलं म्हणजे झालं. माझं म्हणणं, नीट झालं म्हणजे झालं. पाव केले तेव्हा ते असे झाले की एक हातातून पडला तर फरशीचा आवाज आला. तू दोन्ही हातांनी तोडून चहात बुडवलास, "मऊ झाला बघ," म्हणालीस आणि टिक केलीस. मी खोडली. तू परत केलीस. त्या ओळीवर कागद आता फाटायला आलाय. तू गेलीस तेव्हा चोवीसपैकी माझ्या हिशेबाने अकरा झाल्या होत्या, तुझ्या हिशेबाने सोळा.

मला गंमत वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. कारखान्यात तू चेकर. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गारमेंटच्या युनिटमध्ये टेबलाशी उभी राहून पंचवीस वर्षं शर्ट तपासलेस. टाका सुटला, शिवण वाकडी गेली, की तिथे लाल बाणाचा छोटा स्टिकर. बाण दिसला की माल परत मशीनवर. तुझ्या नजरेतून एक टाका सुटत नाही असं तुझा सुपरवायझरच सांगायचा. आणि घरी आलीस की कशालाही बरं म्हणायचीस. एकदा मी विचारलंच. तू भेंडी चिरत होतीस.

"दिवसभर तेच करते गं. घरी आल्यावरही माल रिजेक्ट करत बसू? मग माणसं पण करेन एक दिवस."

तुझ्या पर्समध्ये त्या स्टिकरच्या पट्ट्या कायम असायच्या. मी जास्त शिकवायला लागले की एक काढून माझ्या दंडावर चिकटवायचीस. "इथे फॉल्ट आहे. मशीनवर पाठवा." एकदा तो तसाच लावून मी बँकेत जाऊन आले. तिथली मुलगी माझ्याशी बोलताना सारखी दंडाकडे का बघतेय ते मला घरी आल्यावर कळलं. तुला फोन केला तेव्हा चिडले की येतं तसं माझं मालवणी बाहेर आलं होतं, आणि तू पलीकडे हसून हसून खोकत होतीस.

दोन नंबर मात्र भांडण न होता झाला. नानकटाईचं पीठ मळता मळता लक्षात आलं की लहानपणी आपण दोघी एकाच रांगेत उभ्या होतो, मी दहिसरला आणि तू घाटकोपरला. दिवाळीच्या आधी पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीत जायचं, भट्टी मोकळी झाली की आपला ट्रे आत. ट्रेवर नावाची चिठ्ठी. तुझी चिठ्ठी उडाली आणि तुम्हाला दुसऱ्याच कोणाच्या नानकटाया मिळाल्या होत्या. तू सांगितलंस, त्या तुमच्यापेक्षा बऱ्या होत्या, म्हणून आईने परत केल्या नाहीत, वर तुला सांगितलं की बाहेर बोलायचं नाही. चाळीस वर्षांनी तू पहिल्यांदा बोललीस म्हणे. मी म्हटलं, आमच्या दहिसरच्या बेकरीत असं झालं नसतं, माझी आई चिठ्ठी सुईदोऱ्याने बांधायची. तू पिठातला हात थांबवून माझ्याकडे बघितलंस. "आता समजलं," म्हणालीस. "तू अशी का आहेस ते."

त्या नानकटाईला दोघींनी मिळून टिक केली. तुझा हात वर, माझा खाली.

आता नऊ नंबर. हे मला तुझ्यासमोर सांगायचं होतं आणि मी ते दोन वर्षं टाळलं.

माझ्या दारासाठी क्रोशाचं तोरण. चौदा फुलं, सात तू करायची, सात मी. तू विणताना बोलतेस. कारखान्यातलं, बाजारातलं, प्रज्ञाचं, सगळं. बोलता बोलता तुझा दोरा सैल सुटतो. मी मोजते. मोजताना मी ओठ मिटते आणि दोरा आवळते. त्यामुळे तुझी फुलं तळहाताएवढी आणि माझी वाटीच्या बुडाएवढी. ओवून पाहिलं तर तोरण डाव्या बाजूला झुकायचं. तू म्हणालीस, "असू दे, वारा आल्यासारखं दिसतंय." एका रविवारी दुपारी तू मुलुंडला प्रज्ञाच्या सासरी गेली होतीस. मी दार लावून बसले आणि तुझी सातच्या सात फुलं उसवली. त्याच दोऱ्याची परत विणली, माझ्या मापाने. संध्याकाळी तोरण दारावर लावलं. सरळ. एका रेषेत.

तू आलीस, चप्पल काढायच्या आधी तोरणाखाली उभी राहिलीस. एक फूल दोन बोटांत धरलंस. "छान जमलं की. सगळी सारखी."

मी म्हटलं, "हो. जमलं." आणि वही आणून तुझ्यासमोर टिक केली. त्या टिकची मला लाज वाटते, रंजना. एरवी कोणतीही टिक करताना मी शंभर प्रश्न विचारते. ती मी पटकन केली.

त्यानंतर चौदा नंबर. प्रज्ञाला दिवस गेले आणि तू वही उघडून त्या ओळीवर बोट आपटलंस. दुपटं, झबली, टोपरं भराभर झालं, कारण शिवणाचं काम तू करत होतीस आणि मी फक्त कापत होते. तुझ्या कारखान्यातल्या मऊ कापडाच्या कातरणांचं ते दुपटं तर इतकं सुंदर झालं की मी तुझ्या आधी टिक केली. राहिला स्वेटर. आमचे हे म्हणाले, मुंबईत बाळाला स्वेटर घालून उकडवणार का? तू म्हणालीस, "भाऊजी, मुलुंडला डोंगराचा वारा येतो, आणि त्यांच्याकडे एसी आहे. आणि यादीत आहे." यादीत आहे म्हटल्यावर ते गप्प बसले. त्यांना माझ्यामुळे सवय आहे.

पाठ मी केली, एक बाही तू. पुढचे दोन भाग वाटून घेतले, डावा तू, उजवा मी. सुया सारख्या, लोकर एकाच गुंडीची, टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच. टेबलावर शेजारी ठेवले तर तुझा भाग दीड इंच लांब आणि दोन बोटं रुंद. मी पट्टी आणली.

"एक भाग उसवायला लागेल."

"कोणाचा?"

"तुझा. अर्थात."

"अर्थात," तू म्हणालीस. मग दोन्ही भागांवर हात ठेवून, "या वेळी उसवायचं नाही, सुहास."

"अगं, बटणं लागणार नाहीत. एकीकडे पाच, एकीकडे सात अशी लावणार आहेस का?"

"बाळ पट्टी घेऊन येणारे का? बघू ना. तू नेहमी आधीच..." आणि तू वाक्य अर्धं सोडलंस. मी म्हटलं, नेहमी काय? बोल. तू दोन्ही भाग पिशवीत घातलेस, माझ्या हाती लागायला नकोत म्हणून, आणि समोरच्या दारात गेलीस. दार आपटलं नाहीस. तू कधीच आपटलं नाहीस. मीच माझं जरा जोरात लावलं.

चार दिवस आपण फक्त कचऱ्याच्या गाडीबद्दल बोललो. पाचव्या दिवशी तुला चक्कर आली.

हॉस्पिटलमध्ये मी रोज यायचे. औषधांच्या वेळांचा तक्ता मी भिंतीला लावला होता, नर्सही तो बघायच्या. एका दुपारी प्रज्ञा जेवायला खाली गेली आणि तू डोळे उघडून विचारलंस, "स्वेटर?"

मी म्हटलं, "तू बरी हो आधी. मग बघू."

एवढंच. मला म्हणता आलं असतं, नाही उसवत. दोन शब्द होते. मला म्हणता आलं असतं, तोरणाचं चुकलं माझं. माझ्या पर्समध्ये त्या दिवशीसुद्धा यादी होती, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, एक ते नऊ. नऊही विचारले. तुला काही विचारलं नाही, सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी प्रज्ञा माझ्याकडे आली. सातवा महिना, जिना चढून दमली होती. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि ती कापडी पिशवी ओट्यावर ठेवली.

"मावशी, स्वेटर तू पूर्ण करशील ना?"

"करते की. डावा भाग थोडा मोठा झालाय, तो उसवून..." माझ्या तोंडून निघून गेलं. सवय.

प्रज्ञा हसली. तुझ्यासारखीच, आधी नाकाने. "आई म्हणालेली, मावशी हेच म्हणेल. तोरणाचं पण उसवलं होतंस ना."

मी गॅस बंद केला. दूध उतू जायच्या बेतात होतं. "तिला माहीत होतं?"

"मावशी, ती रोज तुझ्या दारासमोरून जायची. चेकर होती ती. स्वतःची फुलं ओळखणार नाही?"

"मग बोलली का नाही?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाली, तिला वाकडं दिसलं की जेवण जात नाही, जेवू दे तिला. पण स्वेटर उसवला तर मात्र बोलेन म्हणाली." मग प्रज्ञाने पदराने डोळे पुसले आणि बिस्किट मागितलं. तिला सारखी भूक लागते. तुला सांगायला हवं होतं हे.

ती गेल्यावर मी पिशवी उघडली. तुझा डावा भाग वर होता. त्याखाली माझा उजवा. माझ्या भागावर तीन लाल बाण. एक गळ्यापाशी, दोन काखेपाशी.

मला आधी राग आला. तुझ्यावर, तू गेल्यानंतरच्या तेराव्या दिवशी. घरच्या कामावर कधी बाण न लावणारी बाई माझ्याच कामावर तीन बाण लावून गेली. मग मी पट्टी न घेता दोन्ही भाग हातात घेतले. माझा ताणून पाहिला. ताणलाच जाईना. पुठ्ठ्यासारखा. तुझा ताणला तर हाताबरोबर आला आणि सोडल्यावर परत गेला. बाळाचा हात बाहीत सरळ जात नाही. मूठ मिटलेली असते. आपण बाहेरून दोन बोटं आत घालतो, ती मूठ शोधतो आणि हळूच ओढून घेतो. त्या दोन बोटांना जागा लागते. मी एक मूल वाढवलंय, मला हे आठवायला हवं होतं. तुला आठवत होतं. फॉल्ट माझ्या भागात होता आणि तू तो बरोबर जागी दाखवला होतास. तुझी नोकरीच ती.

तर उजवा भाग मी उसवला. बाण काढून ठेवले आणि टोक ओढलं. साठ ओळी उसवायला दहा मिनिटं लागली.

परत विणणं सोपं नव्हतं. टाके सैल घालायचे ठरवून घातले, तरी चौथ्या ओळीला हात आवळायचाच. दोन वेळा उसवला. तिसऱ्यांदा जाड सुया घेतल्या, तर नुसती जाळी झाली. चौथ्यांदा मी खिडकीत बसले होते, समोर तुझं दार, बाहेर भाजीवाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "रंजना, मेथी आज पाणी मारून आणलेली दिसते." मग तुझ्या दारातलं पायपुसणं प्रज्ञाने धुवून वाळत घातलंय ते सांगितलं. वरच्या आजींनी अजून टायरची गोष्ट सोडलेली नाही ते सांगितलं. वीस ओळी झाल्यावर पाहिलं, दोरा बोटावरून आपोआप सरकत होता. मी टाके मोजले नव्हते.

हे दारात येऊन उभे. "कोणाशी बोलतेस? फोनवर आहेस?"

"रंजनाशी."

त्यांनी चहा टेबलावर ठेवला आणि आत जाऊन टीव्हीचा आवाज कमी केला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी असं चाललंय. बोलले नाही तर हात आवळतो. त्यामुळे तुला काय काय ऐकावं लागलंय ते तुलाच माहीत. हॉस्पिटलमधल्या त्या दुपारचं पण सांगून झालं, तेविसाव्या ओळीला. त्या ओळीत दोन टाके घसरले आहेत. तसेच ठेवले.

काल उजवा भाग झाला. तुझ्या भागाशेजारी ठेवला. अर्ध्या बोटाचा फरक आहे, माझाच लहान. बटणं लागतील, पाचही. वहीत नऊ नंबरची टिक मी खोडली आणि तिथे तुझा एक बाण चिकटवला. तोरण खाली काढलंय. तुझी फुलं तुझ्यासारखी मला जमणार नाहीत, पण सैल करून बघते. झुकलं तर झुकू दे.

आता फक्त एक बाही राहिली. टाके घातलेत. तुला सांगायचं राहिलंच, रविवारी मी चार नंबर, पाव, पुन्हा केला. एकटीने. या वेळी पीठ दुप्पट वेळ झाकून ठेवलं, दूध कोमट घेतलं, सगळं लिहून घेतलं होतं, एक पायरी सोडली नाही. तरी दगड झाले, रंजना. यांनी एक हातात घेतला आणि माझ्याकडे बघत बसले. मी दोन्ही हातांनी तोडला, चहात बुडवला. मऊ झाला.

टिक केली.